धागा: गणितात पुढे, वहीत मागे. नववीतल्या मुलाची टेस्ट करावी का?

कंबर_तलाव
नमस्कार. इथं नेहमी वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मुलगा नववीत, सेमी इंग्लिश. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत प्रॅक्टिकलपर्यंत गेला होता. चुलतभावाचं दहावीचं भूमितीचं पुस्तक घेऊन बसतो आणि टाइमपास म्हणून सोडवतो. पण पेपर बघितला की डोक्याला हात लावायची वेळ. गणितात उत्तर बरोबर, रीत लिहिलेली नाही, निम्मे मार्क गेले. इतिहासात पहिल्याच दोन मार्कांच्या प्रश्नाला दीड पान आणि शेवटचे प्रश्न कोरे. वहीत पहिल्या चार ओळी सुरेख, मग अक्षर उताराला लागतं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ‘परिस्थिती’ एकाच पानावर तीन तऱ्हेनं लिहिलंय. फळ्यावरचं उतरवताना मधली ओळच गायब. डबा, कंपास, आयकार्ड यातलं काहीतरी रोज शाळेत राहणारच.

शाळेचं म्हणणं, हुशार आहे पण आळशी आहे. ह्यांचं म्हणणं, मोबाईल काढून घे, सुतासारखा सरळ येईल. काढून घेतला. आता छताकडं बघत बसतो.

त्याच शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एकदा टेस्ट करून घ्या, एलडी (वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) नाहीतर एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) असू शकतं. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, माझ्या नातवाला वेडा ठरवायला निघालात का. तर माझे प्रश्न दोन. इतकं डोकं चालणाऱ्या मुलाला असलं काही असू शकतं का? आणि आता टेस्ट करून उपयोग आहे, की दहावी होऊ द्यावी आधी?

शेंगाचटणी
छताकडं बघतोय म्हणजे शास्त्रज्ञ होणार. आमच्याकडं बघायला पंखा पण नव्हता. तज्ञ मंडळी येतीलच ताई, तोवर मी पहिला नंबर लावून ठेवला.

निवृत्त_गुरुजी
ताई, माझी उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. अशी मुलं प्रत्येक वर्गात चार-दोन असायची. बुद्धी तल्लख, हात आळशी. रोज एक पान शुद्धलेखन, आणि चुकलेला शब्द दहा वेळा. दोन महिन्यात फरक पडतो. हल्ली मूल जरा वेगळं वागलं की लगेच इंग्रजी आद्याक्षरं चिकटवायची आणि पालकांनी काळजीत पडायचं, हे मला पटत नाही. तुमच्या मुलाला काही झालेलं नाही.

बेसुमार
गुरुजी नमस्कार. तुमच्यासारख्याच एका सरांकडं मी पण शुद्धलेखन केलंय, वह्याच्या वह्या. अक्षर सुधारलं, स्पेलिंग तसंच राहिलं. आज पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, कोड बरा लिहितो, मेल पाठवायच्या आधी बायकोकडनं तपासून घेतो. पस्तिशी ओलांडल्यावर एडीएचडीचं निदान झालं. तोवर सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं, ‘तुला येतंय पण तू करत नाहीस’. मार खाल्ला त्याचं काही वाटत नाही, हे वाक्य अजून बोचतंय.

@शेंगाचटणी काय बे, तू अजून इथंच पडीक?

शेंगाचटणी
मग कुठं जाऊ बे, बाहेर ४३ डिग्री आहे.

वाचनखुणा
मी स्पेशल एज्युकेटर आहे, मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. मुलाला न बघता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते: हो, असू शकतं. हुशारी आणि वाचन-लेखनातली अडचण दोन्ही एकाच मुलात असतात, आणि हीच मुलं सगळ्यात उशिरा सापडतात. कारण डोकं अडचण झाकतं. धडा एकदा ऐकला की पाठ, मग वाचायला त्रास होतो हे कळणार कुणाला? उलट बाजूनं अडचण डोकं झाकते, वही बघून कुणी म्हणणार नाही हा पोरगा दहावीची भूमिती सोडवतो. दोन्ही मिळून तो शाळेला ‘साधारण’ दिसतो. पाचवी-सहावीपर्यंत हे खपून जातं, आठवी-नववीला लिखाण वाढलं की उघडं पडतं. तुमच्याकडं नेमकं तसंच दिसतंय.

टेस्टला गेलात तर एक नक्की करा. बुद्ध्यांकाचा एकच आकडा घेऊन घरी येऊ नका. आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली टेस्ट वापरतात, त्यात व्हर्बल (तोंडी, शब्दांचा) आणि परफॉर्मन्स (हातानं करून दाखवायचा) असे वेगळे भाग आहेत. प्रत्येक उपचाचणीचे गुण मागून घ्या. एकात खूप वर आणि एकात खूप खाली असेल तर सरासरीला काडीचा अर्थ नसतो, ती दरीच वाचायची असते. मुलगा सेमीत आहे म्हणजे वाचन-लेखन मराठी आणि इंग्रजी दोन्हीत तपासायला सांगा.

पद्मा_अशोकचौक
वाचनखुणाताईंच्या शेवटच्या वाक्याला माझं पण जोडा. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मुलगी मराठी शाळेत, शेजारी निम्मे कन्नड. तिसरीत असताना शाळेनं सांगितलं हिला एलडी आहे, ‘ण’ आणि ‘न’ कळत नाही, वाक्य उलटं करते. मी घाबरून गेले. एका मॅडमनी तेलुगू गोष्ट ऐकवून प्रश्न विचारले, सगळी उत्तरं फटाफट. तिला फक्त मराठी कमी कानावर पडलेलं होतं, वर्षभरात लाइनवर आली. आपल्या पूर्व भागात अशी पोरं घराघरात आहेत. तेव्हा टेस्ट करा, पण घरची भाषा कुठली ते तिथं आधी सांगा.

निवृत्त_गुरुजी
हेच तर म्हणतोय मी. शिक्के मारायची घाई.

पद्मा_अशोकचौक
गुरुजी, पण टेस्ट केली म्हणूनच कळलं ना शिक्का चुकीचा आहे ते!

बालरोग_ओपीडी
उशिरा आलो. मुलांचा डॉक्टर आहे, जिल्ह्यातच. काही मुद्दे, जसे आठवतील तसे.

आधी डोळे आणि कान तपासा. हसू नका, फळ्यावरची ओळ गाळणाऱ्या मुलांमध्ये चष्म्याचा नंबर निघालेली मी भरपूर बघितलीत. झोप किती होते ते बघा, हिमोग्लोबिन बघा.

एडीएचडीबद्दल: नुसतं विसरणं, छताकडं बघणं म्हणजे एडीएचडी नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, शाळा आणि घर अशा किमान दोन ठिकाणी हवीत, आणि त्यामुळं रोजच्या कामात अडायला हवं. त्यात एक प्रकार फक्त अवधान न टिकण्याचा असतो. वर्गात उड्या मारणारं पोरगं सगळ्यांना दिसतं, शांत बसून हरवलेलं पोरगं कुणाला दिसत नाही, मुलींच्या बाबतीत तर अजूनच नाही. तेव्हा आईनं लहानपणचं आठवून लिहून न्यावं. बालवाडीत कसा होता, चपला सापडायच्या का, पहिली-दुसरीची प्रगतिपुस्तकं असली तर तीही.

लोकर_चादर
मला एक कळत नाही डॉक्टर. माझा पुतण्या मोबाईलवर तीन तास गेम खेळतो, पापणी लवत नाही. मग लक्ष नाही कसं म्हणायचं? लक्ष आहे, अभ्यासात नाही एवढंच.

बेसुमार
काका, गेममध्ये दर दहा सेकंदाला काहीतरी मिळतंय, धड्यात परीक्षेपर्यंत काही मिळत नाही. माझ्याकडं लक्ष भरपूर आहे, ते कुठं लावायचं याचं स्टिअरिंग माझ्या हातात नाही. आवडीचं काम असलं की जेवायचं विसरतो आणि लाइट बिल भरायचं म्हटलं की तीन आठवडे जातात, पैसे खात्यात असून. मनावर घेऊन होत असतं तर कधीच घेतलं असतं.

शेंगाचटणी
आमच्या घरात सगळ्यांनाच मग हे आहे, पाणी सोडायचा दिवस सोडून. त्या दिवशी रात्री दोनला पण सगळ्यांचं लक्ष नळावर.

लोकर_चादर
😀 हे मात्र खरं.

बरं, ताईंच्या मुलावरून एक आठवलं ते सांगतो. आमचा चादरीचा छोटा कारखाना. हाच पुतण्या, शाळेत यथातथा, सुट्टीत येऊन बसला होता. जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, नवीन डिझाइन चढवलेलं, कडेच्या फुलात काहीतरी खटकत होतं पण आम्हाला सापडेना, कारागीर म्हणतोय सूत खराब आहे. हा पठ्ठ्या दहा मिनिटं नुसता बघत उभा, मग म्हणाला काका, तिसऱ्या फुलात एक भोक जास्त पडलंय, दर रिपीटला तिथंच उचललं जातंय. कार्डं उतरवून मोजली तर खरंच. आणि याच पोराला २७ गुणिले ८ कागदावर मांडायला सांगा, आकडे एकाखाली एक येत नाहीत.

म्हणून म्हणतो, पोरगं हातानं हुशार असेल तर उगाच पेपरच्या मागं लावू नका, धंद्यात घाला.

रातराणी_७रस्ता
लोकर_चादर, गोष्ट भारी आहे पण शेवट नाही पटला. तुमचा पुतण्या उद्या टेक्सटाईल इंजिनिअर होऊ शकतो, फक्त आकडे चौकटीच्या कागदावर मांडायला द्या आणि पेपरला थोडा वेळ जास्त द्या. धंद्यात घालायचं तर घाला, पण त्याला पेपर जमत नाही म्हणून नको.

आता मूळ प्रश्नावर येते. माझ्या मुलीला डिसलेक्सिया (वाचण्यातली अडचण) आहे, दहावी सवलत घेऊन झाली, आता अकरावी सायन्स. @कंबर_तलाव, दहावी होऊ द्यावी असं म्हणताय ना, तसं करू नका. दहावीसाठीच तर सर्टिफिकेट लागतं. खाजगी सेंटरचा रिपोर्ट आपल्याला समजून घ्यायला उत्तम, पण बोर्डाला सरकारी हॉस्पिटलचंच प्रमाणपत्र लागतं. आधी आपल्या सिव्हिलला जाऊन विचारा. आम्ही मुंबईला सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकला गेलो, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादर. हे एका दिवसाचं काम नाही, मुलाशी बोलणं, आयक्यू, मग वाचन-लेखन-गणित असं टप्प्याटप्प्यानं होतं, शाळेचा रिपोर्ट आणि वह्या पण बघतात. मग शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडं प्रस्ताव. दहावीचे फॉर्म भरायच्या आधी हे हातात पाहिजे, म्हणजे नववीतच सुरुवात.

मिळतं काय तर जास्तीचा वेळ, लागला तर लेखनिक, कॅल्क्युलेटर, भाषेत सवलत. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायचाही पर्याय असतो. तुमच्या मुलासाठी तो चुकूनही घेऊ नका, पुढं सायन्सचा रस्ता बंद होईल. आम्हाला प्रत्येक पेपरला एक तास जास्त मिळाला, पोरीनं पहिल्यांदा पेपर पूर्ण सोडवला.

वाचनखुणा
रातराणी, छान लिहिलंत. यात एक खाचखळगा आहे तो आधीच सांगून ठेवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळं निदान फक्त एडीएचडीचं आलं तर या वाटेनं सवलत मिळवणं अवघड. दुसरं, प्रमाणपत्राची टेस्ट मूल इयत्तेच्या मानानं किती मागे आहे ते बघते. आता हुशार मूल अडचण असूनही ओढूनताणून इयत्तेपर्यंत पोचतं, आणि इथंच हुकतं. ‘नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवतात. तसं झालं तर हिरमुसू नका, आणि मुलाला काही त्रासच नाही असंही समजू नका. शाळेच्या पातळीवर बरंच करता येतं. फळ्याचा फोटो काढू देणं, तोंडी उत्तर ऐकून घेणं, शुद्धलेखनाचे मार्क विज्ञानात न कापणं, याला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही, फक्त शिक्षकाची तयारी लागते.

काळा_कोट
कायद्याचं थोडं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सांगितलंय की लेखनिक मिळायला ४० टक्के दिव्यांगत्व असलंच पाहिजे असं नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. त्याच वर्षी नीटला डिसग्राफिया (हातानं लिहिण्यातली अडचण) असलेल्या मुलीला जास्तीचा एक तास दिला नव्हता, तेही कोर्टात गेलं आणि परीक्षा घेणाऱ्यांची चूक असल्याचं कोर्टानं म्हटलं. तेव्हा ‘नियमात बसत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे नियम वितळतात.

जरा_ऐका_ना
गोळ्यांबद्दल कुणीच बोलेना. माझ्या जावेच्या मुलाला चालू केल्या म्हणतात, झोपेच्या असतात म्हणे, पोरगं गप्प राहावं म्हणून.

बालरोग_ओपीडी
झोपेच्या नसतात, उलट उत्तेजक वर्गातल्या असतात. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचं औषध, भूक कमी होते, रात्री उशिरा घेतलं तर झोप येत नाही, म्हणून वजन, उंची, बीपी बघत राहायचं. मानसोपचारतज्ञ किंवा मेंदूविकारतज्ञ यांच्या देखरेखीखालीच, दुकानातून आणून कधीही नाही. अटोमॉक्सेटिन हे दुसरं, ते उत्तेजक नाही. प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही. आणि डिसलेक्सियावर गोळी नसते, कुणी विकत असेल तर पळा तिथून. सासूबाईंना समजवायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शेंगाचटणी
सासूबाईंना फोन लावून द्यायचा की स्वतः बोलायचं डॉक्टर? आमच्याकडं दोन्ही अवघड आहे.

अर्धवट_इंजिनिअर
मी या धाग्यातला ‘पोरगा’ आहे असं समजा. म्हणजे तो नाही, पण तसलाच. हुतात्मा एक्सप्रेसनं सुट्टीला घरी येता येता सगळा धागा वाचून काढला. इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, डिसग्राफिया. सगळे शाळा, बोर्ड, सासूबाई यावर बोलताय म्हणून त्याच्या बाजूनं लिहितो.

लेखनिकाबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. लेखनिक खालच्या वर्गातला असतो. मी दहावीत, तो नववीतला. त्याला ‘एक्स स्क्वेअर वजा कंसात’ असं सांगता सांगता माझं पुढचं पाऊलच डोक्यातून उडायचं. आणि भूमितीची आकृती तोंडानं कशी सांगणार? प्रिलिमला घेतला आणि बोर्डाला नको म्हणालो, फक्त जास्तीचा वेळ घेतला. भाषेला मात्र घेतलेला चालला असता असं आता वाटतं. तेव्हा काकू, लेखनिक घ्यायचाच असेल तर त्याच मुलाबरोबर आधी घरी पेपर सोडवून बघा.

दुसरं, रीत न लिहिण्याचं. मला खरंच दिसायचं नाही मधलं. उत्तर एकदम यायचं. मार्क कापले म्हणून ओरडा खायचो, मग रीत लिहायला लागलो तर उत्तर चुकायला लागलं! क्लासच्या एका सरांनी सांगितलं, तू आधी उत्तर बाजूला लिही, मग समज की हे मला समजावतोयस. मी मोठ्यानं बोलायचो आणि फोनवर रेकॉर्ड करायचो, मग ऐकून उतरवायचो. वर्गात वेड्यासारखं दिसतं, घरी चालतं.

आणि ‘हुशार आहेस म्हणून’ हे वाक्य बंद करा त्याच्यासमोर. प्रत्येक वेळी त्याच्या मागं ‘मग’ येतोच.

निवृत्त_गुरुजी
इंजिनिअर, तुझं रेकॉर्डिंगचं प्रकरण आवडलं. आमच्या वेळी असतं तर वर्गात मीही वापरलं असतं. शिक्क्यांबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. परंतु ताई, इतिहासाच्या पेपराचं सांगतो, त्याला टेस्ट-बिस्ट काही नको. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर आधी प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलनं मिनिटं लिहायची. दोन मार्कांना तीन मिनिटं, चारला सहा-सात. मिनिटं संपली की अर्ध्या वाक्यातसुद्धा पुढं जायचं. अर्धं वाक्य सोडायला या मुलांना फार जड जातं, तेवढंच घरी करून घ्या, घड्याळ समोर ठेवून.

वाचनखुणा
गुरुजी, हे मी माझ्या मुलांना उद्यापासून देणार.

कंबर_तलाव
सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. डोळे तपासले, नंबर नाही. बाईंना भेटून शाळेचा रिपोर्ट मागितलाय, द्यायला तयार आहेत. ह्यांना धागा वाचायला दिला, काही बोलले नाहीत पण सिव्हिलला मीच येतो म्हणाले. सासूबाईंना ‘डोळ्याची टेस्ट झाली, आता डोक्याची नाही, हाताची आहे’ असं सांगितलंय, त्यावर त्या गप्प आहेत. बघू किती दिवस.

अडचण अशी झाली की धागा त्यानंही वाचला. मी त्याला कसं सांगायचं याचा विचार करत होते, हा स्वतःच येऊन म्हणाला, ती रातराणी काकू चुकली आहे. तासाला २० मिनिटं जास्त असतात असं त्यानं कुठंतरी शोधलंय, मग दोन तासाच्या गणिताला ४० मिनिटंच मिळणार, एक तास कसा? एक तास फक्त भाषेच्या तीन तासाच्या पेपरला. हे खरं आहे का? आणि तो विचारतोय की भूमितीत जास्तीचा वेळ नको असेल तर तो इतिहासाला वापरता येतो का.

वाचनखुणा
😀 हिशोब त्याचाच बरोबर. तासाला २० मिनिटं. आणि नाही, एका पेपरचा वेळ दुसऱ्याला नेता येत नाही, त्याला सांगा.

शेंगाचटणी
नेता आला असता तर मी दहावीचा उरलेला सगळा वेळ इंग्लिशला नेला असता बे.

रातराणी_७रस्ता
त्याला म्हणावं काकूचा नमस्कार. आणि ताई, रिपोर्ट मागताना त्याच्या वह्यांच्या झेरॉक्सवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का पण घेऊन ठेवा, नंतर त्यासाठी परत फेरी पडते.